आबांचं सरण आन माझा हुरडा

मी माझ्या जित्त्या बापाचं सरण जाळलं आन त्येच्यावर हुरडा भाजून खाल्ला. उरल्याल्या आरावर वांगी बी भाजली. ही गोष्ट मी कुणापासनं लपवली न्हाय, कारण लपवायची सोयच न्हवती. सणसरच्या आमच्या वस्तीवरची निम्मी माणसं त्या हुरड्याला जेवून गेली व्हती.

आबा म्हंजी माझं वडील. जलमभर कालव्यावर पाटकरी व्हतं. कुणाच्या उसाला कवा पाणी सोडायचं, कुणाची पाळी सरली, कुणी चोरून पाणी घेतलं, हे बगत भरावावरनं चालायचं, हेच त्येंचं काम. भरावाच्या दोन्ही अंगाला बाभळी. त्येंचं समदं आयुष्य त्या बाभळीच्या सावलीला गेलं. आन त्येंच्या पोटी मी जलमलो. दुसरीत शाळा सोडली, म्हंजी खरं तर शाळेनंच मला सोडलं, आन मोठा झाल्यावर धंदा कुठला धरावा तर झाडं पाडायचा. खांद्यावर कटर मशीन टाकायची आन बारामतीच्या येका वखारीसाठी गावोगाव हिंडायचं. बाप पडल्याल्या काटक्या येचतोय आन पोरगं उभी झाडं आडवी करतंय, आसं आमचं घर.

आबा रोज सकाळी फिरून येताना कालव्यावरनं येखादं पडल्यालं लाकूड काखेत मारून आणायचं. घरामागं पत्र्याखाली रचायचं. बाजूला शेणाच्या गवऱ्या, त्या बी नीट उतरंडीवाणी लावल्याल्या. मला वाटायचं, म्हातारपणाचा छंद आसल. कुणी पत्ते कुटतं, कुणी पारावर बसून सरकारला शिव्या देतं, आमचा म्हातारा लाकडं रचतोय.

तसं आबांनी मला सांगायचा परयत्न केला न्हाय आसं न्हाय. येकदा म्हणलं, "आरं, त्या मागच्या लाकडाचं तुला सांगून ठिवायचंय. मी गेल्यावर..."

मी त्येंना पुढं बोलूच दिलं न्हाय. म्हणलं, "आबा, तुमची पाळी यायला लई येळ हाय. वरच्या अंगाची माणसं आजून पाणी धरत्यात."

आबा हसलं आन गवऱ्या लावायला गेलं. पुन्यांदा काढलं, मी पुन्यांदा तसलंच कायतरी बोललो. मरणाचा इषय निघाला की माझ्या तोंडातनं आपसूक इनोद निघायचा. लोकं म्हणायची, काय आनंदी माणूस हाय. म्हाईत न्हाय मला, आनंदी व्हतो का भेकड.

मंग पौषात आबा तीन दिसांसाठी इंदापूरला उपासकांच्या शिबिराला गेलं. पांढरी कापडं पिशवीत घातली, कारभारणीनं धपाटं बांधून दिलं, आन गेलं. इकडं माझं शाळूचं कणीस हुरड्याला आल्यालं. वखारीतलं दोस्त कवापासनं मागं लागल्यालं. दुपारी समदी आली. आगटी खांदली, आन ध्यानात आलं, गवऱ्या कुठं हाईत? घरामागं जाऊन बगितलं तर तयार माल. वाळून नुस्ता खडखडीत. दोगा-तिगांनी पाट्या भरून आणल्या. आगटी आसली फुलली की वखारीचा येक गडी म्हणला, "काय इस्तू हाय राव! आसलं लाकूड आमच्या वखारीत बी न्हाय."

मी छाती फुगवून म्हणलो, "आबांनी खास जपून ठिवल्यालं हाय."

ह्यातलं येक अक्षर खोटं न्हवतं.

येकदा पेटलं म्हणल्यावर मंग कोण थांबतंय. हुरड्यावर वांगी झाली, वांग्यावर भिगवणची मासळी झाली, शेजारपाजारची यायला लागली. सांजच्यापतोर पत्र्याखाली चार काटक्या आन येक सरडा, येवढंच उरलं.

तिसऱ्या दिशी आबा आलं. पिशवी ठिवली, पाय धुतलं, सवयीनं घरामागं गेलं आन परत आलं. खाटंवर बसलं.

"आरं, मागचा ढीग?"

"हुरडा केला आबा. समदी वस्ती जेवली. तुमच्यासाठी डब्यात काढून ठिवलाय."

आबांनी माझ्याकडं बगितलं. मंग डब्याकडं बगितलं. "आण बगू," म्हणलं. "माझं सरण समद्या गावानं खाल्लं, वाईच मला बी चव कळू दे."

मला काय समजंना. कारभारणीला आदी समजलं. तिनं कपाळावर हात मारला न्हाय, माझ्या पाठीत मारला.

आन आबा हसायला लागलं. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतनं पाणी आलं, तरी थांबंनात. मी डबा धरून उभा. बापाचं सरण जाळल्यावर माणसानं कसलं तोंड करायचं आसतं, हे मला कुणी शिकवलं न्हवतं.

मंग त्येंनी सांगितलं. आपल्याकडं म्हातारी माणसं आपल्यासाठी गवऱ्या थापून ठिवत्यात, पोरांना धावपळ नगं म्हणून, तसलंच हे. पण त्येंचं आणखी येक व्हतं. "जलमभर ज्येंच्या सावलीला चाललो, त्येंच्यातलंच येक जाताना आडवं करून जाऊ? मेल्या माणसासाठी जित्तं झाड कशाला पायजे? जे आपसूक पडलं त्येच्यावर मी जाणार. धा वर्सं येचत व्हतो."

धा वर्सं. आमी ते येका दुपारी संपवलं, मीठ लावून.

मी म्हणलो, "आबा, चुकलं."

"आरं, समदं जायचंच आसतं. लाकूड माझ्या आदी गेलं, येवढंच," आबा म्हणलं आन हुरडा खात बसलं. "मीठ जास्त झालंय पण."

ही गोष्ट तितंच मिटली आसती. पण म्हैनाभरानं आबांना चालताना दम लागायला लागला. बारामतीला डॉक्टरकडं नेलं. त्येंनी छातीला नळी लावली, पट्टी काढली, कागद बगितला आन म्हणलं, काळीज थकलंय. ह्या वयात मोठं काय करण्यात अर्थ न्हाय, गोळ्या घ्या, जपा.

आबांनी इचारलं, "सायेब, किती दिस?"

"आजोबा, आसं सांगता येत नसतं."

"तसं न्हवं. मला काय घाई न्हाय. पण पोराला लाकडं गोळा करायची हाईत, म्हणून इचारतो."

डॉक्टरनं माझ्याकडं आसं बगितलं की मी भिताडावरचं क्यालेंडर वाचायला लागलो. मला वाचता येत न्हाय धड.

मोटारसायकलवरनं परत येताना आबा मागनं माझ्या कानात म्हणलं, "आता मला वाकवत न्हाय. आता तूच येच. पडल्यालंच बरं का. येक ओली फांदी बी नगं."

मी व्हय म्हणलो. दुसऱ्याच दिशी वखारीत गेलो.

आता तुमी मला नावं ठिवाल. पण माझं बी आयका. माझ्या डोस्क्यात येकच चाललं व्हतं, लाकूड लवकर गोळा झालं की हा इषय संपंल, आन इषय संपला की आबा मरायचं थांबत्याल. हिशेब कसा बसतो ते मला इचारू नगा. वखारीतनं बाभळीचं चांगलं वंडकं टेंपोत भरून आणलं. मशीननं कापल्याली तोंडं दिसू न्हाईत म्हणून कुऱ्हाडीनं ठेचली. वर चिखल चोळला, वाळका पाला पसरला. येखाद्या नवरीला नटवावं तसं नटवलं.

आबा काठी टेकत आलं. येक लाकूड उचललं, नखानं साल खरवडली. आत हिरवं.

"हे कवा पडलं?"

"परवा."

"कशानं?"

"वाऱ्यानं."

"कुठल्या?"

"कऱ्हाटीकडच्या."

आबांनी लाकडाचं तोंड माझ्याकडं फिरवलं. ठेचायचं राहून गेल्यालं व्हतं तेवढं येक. आरशावाणी गुळगुळीत. "कऱ्हाटीच्या वाऱ्याकडं कटर मशीन हाय व्हय रं?"

मी लाकडावरचा चिखल पुसायला लागलो.

"सकाळी विहारात पंचशील म्हणतोस न्हवं? चवथं काय हाय?"

मी बोटं मोजायला लागलो. पयलं जीव मारू नगं, दुसरं चोरी करू नगं, तिसऱ्याला कारभारीण बगतीय म्हणून घाईनं पुढं गेलो, आन चवथ्याला अडकलो. खोटं बोलू नगं. नेमकं तेच मला कवा आठवत न्हाय.

टेंपो परत गेला. वखारीत मला बगून समदी उभी राहून हसली.

मंग मी विहारात भन्तेजींकडं गेलो. म्हणलं, तुमी तरी आबांना समजवा. लाकूड ते लाकूड. आन हे मरणाचं रोज रोज बोलणं बरं न्हाय, घरात बाईमाणूस हाय, तिला भ्या वाटतंय.

भन्तेजींनी इचारलं, "कुणाला भीती वाटते?"

"कारभारणीला."

"बरं. तिला सांगा, रोज थोडा वेळ डोळे मिटून श्वासाकडे बघायचं. आत येतो, बाहेर जातो. धरून ठेवता येतो का, ते बघायचं. धरता आला, तर मला येऊन सांगा."

मी तितंच वडाखाली बसून बगितलं, कारभारणीच्या वतीनं. आत आला, भाईर गेला. धरून ठिवला. छाती फुटायची येळ आली, मंग सुटलाच. पुन्यांदा बगायला लागलो आन डोळा लागला. आसलं घोरलो की पोरींची गाथा पाठ करायची शाळा चालली व्हती तिथं, ती थांबली. जाग आली तवा भन्तेजी समोर चहा पीत बसल्यालं. "धरता आला का?" म्हणलं. मी म्हणलो, "न्हाय. पण झोप बाकी चांगली लागली." भन्तेजी म्हणलं, "मग अर्धं काम झालं. भीती वाटणाऱ्याला झोप लागत नाही."

तवापासनं मी खरंखुरं येचायला लागलो. मोटारसायकलच्या मागं दोर बांधून गावोगाव. ज्या माणसानं ह्या भागातली लिंबं, बाभळी, चिंचा मोजता येणार न्हाईत इतक्या पाडल्या, तो आता रस्त्याकडंला वाकून काटक्या येचतोय, हे बगायला लोकं गाडी थांबवायची. येक उसाची बैलगाडी चालल्याली, वरचा गडी आरडला, "काय पाव्हणं, गॅस संपला काय?" मी म्हणलो, "न्हाय, बाप संपायचाय." त्येनं बैल हाकलं. मी काटक्यांचा दोर आवळला. तो शब्द माझ्या तोंडातनं पयल्यांदाच तसा सरळ निघाला व्हता.

आन आबांचा नियम काय साधा न्हवता. भिगवणला धरणाच्या पाण्यात जुनी वाळल्याली झाडं उभी हाईत. पाणी आलं तवा बुडाली, मेली, आन तशीच उभी. मी म्हणलो, सापडलं! मेल्यालं हाय, वाळल्यालं हाय, कुणी पाडल्यालं न्हाय. आबांना मागं बसवून घिऊन गेलो. येका कोळ्याची व्होडी ठरवली, कुऱ्हाड घेतली. जवळ गेलो तर फांदीफांदीवर पानकावळं पंख पसरून बसल्यालं, वरच्या बेचक्यात बगळ्यांची घरटी.

काठावरनं आबांनी हाळी दिली, "मेल्यालं हाय, पण रिकामं न्हाय! माघारी ये!"

मी मागं वळलो, व्होडी वळली न्हाय, आन मी धाडकन पाण्यात. पाणी कमरंयेवढंच व्हतं, पण मी वरडलो आसा की जसं काय समुद्रात पडलोय. "बुडलो, आबा! मेलो!" बगळं समदं उडालं. कोळी म्हणला, "पाव्हणं, उभं ऱ्हावा की नुस्तं."

उभा राह्यलो. पाणी करगोट्यापतोर. काठावर आबा पोट धरून हसत्यात. मंग ढाब्यावर मला उन्हात वाळत घालून त्येंनी चहा मागवला आन म्हणलं, "मरणाला तू येवढा भितोस व्हय रं?"

अंगावर चिखल आन डोस्क्यावर शेवाळ. आसल्या येळी माणूस खोटं बोलू शकत न्हाय. म्हणलो, "व्हय आबा. माझ्या न्हाय येवढा. तुमच्या."

आबांनी बशी माझ्याफुडं सरकवली. "मला बी तुला सोडून जायचं म्हणल्यावर वाईट वाटतंय की. वाईट वाटू द्यावं. पण पाणी सोडल्यावर पाटात अडवून धरता येत न्हाय, पाटकऱ्याला सुदिक. ज्येची पाळी त्येच्या रानात जातंय. आपण नुस्तं बगायचं, मधी कुठं फुटून वाया जाऊ ने."

बस. येवढंच. पुन्यांदा त्या इषयावर आमी बोललो न्हाय, आन पुन्यांदा मला इनोद करून तो टाळावा बी लागला न्हाय. म्हंजी इनोद केलं, पण टाळायला न्हाय.

उन्हाळ्यात वादळं सुरू झाली. लोकांच्या घरावरचं पत्रं उडाय लागलं आन मी मनात म्हणायचो, जरा जोरात! दुसऱ्या दिशी सकाळी समदी आपापलं नुकसान बगायला भाईर पडायची आन मी दोर घिऊन. येका केळीवाल्यानं मला बांधावर हसताना बगितलं. त्येची बाग भुईसपाट झाल्याली. त्यो मला मारायलाच धावला, आन बरोबर व्हतं त्येचं. मी दोन दिस त्येच्या बागंत राबून केळीचं खुंट काढू लागलो तवा कुठं बोलायला लागला.

तशातच कऱ्हाटीच्या येका म्हातारीचा फोन आला. मागं तिच्या रानातली चिंच मीच पाडली व्हती. म्हणली, "तुला पडल्यालं लागतंय म्हणं. बांधावरला लिंब पंधरा दिसांमागं वाऱ्यानं उताणा पडलाय. घिऊन जा बाबा."

आख्खा लिंब! म्हंजी काम फत्ते. टेंपो घेतला. आबा म्हणलं, मी बी येतो. त्येंना फुडं बसवलं.

लिंब खरंच आडवा पडल्याला. मुळ्या निम्म्या वर, निम्म्या आजून मातीत. मी मशीनची दोरी वढणार तेवढ्यात आबा खोडाजवळ वाकलं. फांदीच्या कोपऱ्यात तांबूस, नखायेवढी पालवी फुटल्याली.

"हे पडलंय," आबा म्हणलं. "मेलं न्हाय."

मी मशीन खाली ठिवली. म्हणलो, "आबा, पडल्यालं आसल तर मेल्यालं न्हाय, मेल्यालं आसल तर रिकामं न्हाय. तुमच्या सरणाला लाकूड बगण्यापरीस पोरीला स्थळ बगणं सोपं!"

म्हातारी म्हणली, "आवो दादा, पडल्याल्या झाडाला आता काय ठिवायचंय?"

"मावशे, मी बी चार म्हैनं पडूनच हाय. मला पेटवतीस का?"

म्हातारी आसली हसली की तिच्या तोंडातला येकुलता येक दात दिसला. "मंग ऱ्हाऊ द्या दोगं बी," म्हणली. "आन भाकरी खाऊन जावा."

वादळानं मोडून तुटल्याल्या फांद्या तेवढ्या आमी घेतल्या. आबांनी बसून मुळ्यांवर हातानं माती सारली, मी फावड्यानं वढली. झाडं पाडणाऱ्या माणसाला झाड झाकताना काय करायचं कळत न्हाय. म्हातारी मला शिकवत व्हती, आन मधनं मधनं म्हणत व्हती, "चिंचंच्या येळंला लई हात चालत व्हता रं तुजा." टेंपोत निम्मं बी भरलं न्हाय. टेंपोवाला वाटभर माझ्याकडं बगत व्हता. त्येला आजूनबी वाटतं, त्या घराण्यात वेड हाय.

मिरगाच्या आदी ढीग बऱ्यापैकी झाला. आबा म्हणलं, पुरंल का बगाय पायजे. मी म्हणलो, कसं बगायचं? आबा म्हणलं, "मापानं." आन चढलं की वर! पांढरा सदरा, पांढरं धोतर, लाकडावर उताणं पडलं, हात छातीवर. मी टेप घिऊन पायाकडं गेलो. "आबा, टाचा भाईर येत्यात."

"मंग त्या अंगाला अजून दोन लांब बग."

तेवढ्यात कारभारीण चहा घिऊन आली. तिनं बगितलं ते आसं: सासरा सरणावर, नवरा टेप घिऊन. हातातनं ताट पडलं. ती आरडली, "आवो, जित्तं हाईत ते! चढवलं बी का तुमी त्येंना?"

शेजारची माणसं पळत आली. येकानं तर माझं बखोटंच धरलं. आबा वरनंच म्हणलं, "सूनबाय, चहा सांडला व्हय? दुसरा टाक. आन ह्या समद्यांना बी घाल, आलीच हाईत तर."

त्या दिशी ढिगाभवती बसून तेरा माणसं चहा प्याली. आबा वरच बसल्यालं, पाय सोडून. त्येंना खाली उतरवायला मला आन शेजाऱ्याला दोगांना हात लावाय लागला. वजन कायच राह्यलं न्हवतं. ते मला उचलताना कळलं.

भादव्यात येका सकाळी आबा भरावावर फिरायला गेलं. लांब न्हाय, पुलापतोर. येताना हातात येक बाभळीची काटकी, करंगळीयेवढी जाड. ढिगावर ठिवली. खाटंवर येऊन बसलं, पाणी मागितलं. कारभारीण पाणी घिऊन आली तवा ते भिताडाला टेकून बसल्यालंच व्हतं, डोळं कालव्याकडं.

मी दाराशी व्हतो. आत आला, भाईर गेला, आन पुन्यांदा आत आला न्हाय, ते मी बगितलं.

माझ्या तोंडात इनोद आला न्हाय. मी मोठ्यानं रडलो, अगदी गावाला आयकू जाईल आसं, आन रडणं सरल्यावर उठलो आन पत्र्याखालनं लाकडं काढायला लागलो. कुणी हात लावाय आलं तर म्हणलो, मला काढू द्या. येक येक वळखीचं व्हतं. हे भिगवणच्या ढाब्याफुडलं, त्या दिशी मी वाळत पडलो व्हतो. हे कऱ्हाटीच्या लिंबाचं. हे केळीवाल्याच्या बांधावरलं, त्येनं सोता आणून दिल्यालं. पावसाळ्याचं दिस, समद्या गावात वलं लाकूड, आन आबांचं तेवढं खडखडीत. भन्तेजींनी सुत्त म्हणलं. समद्यात वर मी ती करंगळीयेवढी काटकी ठिवली. वखारीचा तो गडी आला व्हता. धूर कसा न्हाय बगून हळूच म्हणला, "काय इस्तू हाय," आन मंग त्येलाच कसंतरी झालं. मी म्हणलो, "आबांनी खास जपून ठिवल्यालं हाय."

राख नीरा नदीत सोडायची न्हाय, आसं आबा सांगून गेल्यालं. "तिच्यात आदीच घाण काय कमी हाय व्हय?" कऱ्हाटीला नेली. लिंब तसाच आडवा, पण अंगभर हिरवा झाल्याला, म्हातारीची कोंबडी त्येच्या खोडावर बसल्याली. येका जागी ढीग घातला तर मूळ जळंल म्हणून चिमूट चिमूट लांबवर पसरली आन मातीत मिसळली. म्हातारी म्हणली, "दादा आले व्हय? या." येवढंच, जसं काय पाव्हणं आल्यात.

आन मी मशीन इकली न्हाय, कारण खोटं कशाला बोलू, पोट हाय. पण आता पडल्यालं आन वाळल्यालंच कापतो. धंदा निम्मा झाला. कारभारीण म्हणती, निम्मा धंदा आन दुप्पट बडबड.

सरणातनं येक लाकूड राह्यलं व्हतं. बाभळीचं गाठीचं वंडकं, कुठंच बसंना. ते मी पत्र्याखाली ठिवलं. कारभारणीला म्हणलो, "आगं, हे माझं बरं का. पयलं." पुढं तिला सगळं सांगणार व्हतो, पण ती म्हणली, "तुमची पाळी यायला लई येळ हाय, वरच्या अंगाची माणसं आजून पाणी धरत्यात," आन भांडी घासायला निघून गेली. मला हसू आलं. तिचं तोंड बगितलं आन मंग हसू गेलं. म्हणलं, सांगू सावकाश.

मागच्या म्हैन्यात मी कामावरनं आलो. आंघोळीला पाणी कढत, चांगली वाफ निघतीय. मन लावून आंघोळ केली. पाठ शेकली. बंबाकडं बगितलं तर आत ती गाठ, निम्मी जळल्याली, लालभडक.

कारभारीण दारात उभी. तिच्या ध्यानात आलं. तोंडावर हात गेला तिचा.

"आवो... ते तुमचं व्हतं?"

मी तसाच वला, कमरंला पंचा, तितं पाटावर बसलो. आन हसायला लागलो. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतनं पाणी आलं, तरी थांबंना. आबांना त्या दिशी डबा बगून काय झालं आसल, ते मला पंचा नेसून कळलं.

"आगं, काय न्हाय," म्हणलो. "माझ्या आदी गेलं, येवढंच. अजून येक तांब्या टाक, पाणी लई झ्याक तापलंय."

तिनं पाणी टाकलं. आन मंग बंबाफुडं बसून, त्या गाठीकडं बगत, पयल्यांदाच सोताहून इचारलं, "उंद्या कालव्यावर येचायला जाताय का? जायचं आसल तर मी बी येते."